ताईच्या पट्टीतलं गाणं

महाडच्या एसटी स्टँडवर ताई मला सोडायला आली होती. खरं तर गाडीत तिनं बसायला हवं होतं. मुंबईच्या गायन पार्टीचे मास्तर जयंतीला आमच्या तुडीलला आले, आम्हा दोघी बहिणींची भीमगीतं त्यांनी ऐकली आणि मागणी घातली ती तिच्या आवाजाला. पण त्याच महिन्यात बाबांची एक बाजू लुळी पडली. आईला एकटीला ते उचलवेनात. ताई मास्तरांना म्हणाली, "हिला न्या. ही पन गाते." आणि खिडकीशी येऊन मला म्हणाली, "रडू नको गो, घसा खराब होल."

विक्रोळीला मामाच्या खोलीत राहिले. आधी कोरसमध्ये उभी असायचे, मग हळूहळू पुढचा माईक मिळाला. आता बॅनरवर फोटो असतो, एप्रिलभर रोज नवं स्टेज, साऊंडचेक, सेल्फी. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना ठाऊक असेल, कौतुक होत असतानाच आतून काहीतरी टोचत असतं. मी सत्काराच्या शालीला हात लावायचे तेव्हा ताई बाबांची कूस बदलत असायची. फोनवर म्हणायची, "बरं हाय सगळं. तुझं गानं लावते त्यांना." मी फोन लवकर ठेवायचे. बाबा गेले, आई थकली, ताईचं लग्नाचं वय असंच निघून गेलं.

यंदा तुडीलनंच मला बोलावलं. लोक मोबाईल वर धरून माझी गाणी टिपत होते. बायकांत ताई दिसली आणि मला पुढं गाववेना. मी माईकवरून तिला वर बोलावलं. तिनं बाबांचं गाणं धरलं, त्यांनीच रचलेलं, त्यांच्याच खालच्या पट्टीत. आमचा कीबोर्डवाला स्वर शोधत राहिला. तोवर सगळी वाडी तिच्याबरोबर गाऊ लागली होती. म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरींपर्यंत सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. मोबाईल कधी खाली गेले कळलंच नाही. त्यातलं मधलं कडवं मला आठवेना.

घरी मी तिला म्हटलं, "चल ना मुंबईला. आता तरी गा."

ती भाकरी थापत हसली. "आणि वाडीतल्या पोरींना गानी कोन शिकवनार? पोलादपूरवरनं पन दोघी येतात. मी गात नव्हते असं कुनी सांगितलं तुला?"

तिनं माझ्यावर राग धरला असता तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं.

सकाळी विहारात वंदनेनंतर ती पोरींना घेऊन बसली. मी मागच्या ओळीत मांडी घातली. अपराधाची बोच गेलेली नाही, जाईल असंही वाटत नाही. पण घर म्हणजे काय, ते आता कळलंय. माझ्यावाचून जिथलं गाणं अडलं नाही, ते माझं घर. ताईनं सुरुवात केली आणि मी पोरींबरोबर तिच्यामागून झील धरली.