कबुलीचा अर्ज

भोरच्या कचेरीसमोर बसून मी अर्ज लिहीत असे, त्या संस्थानी दिवसांची आठवण निघाली की किकवीचे एक शेतकरी डोळ्यांपुढे उभे राहतात. उभेच, कारण बसा म्हटले तरी ते बसत नसत. लिहिलेले तीनदा वाचून घेत आणि प्रत्येक वाक्यानंतर "व्हय का न्हाई?" असे मलाच विचारीत. माझ्या भाषेवर खुद्द कारभारीही बोट ठेवीत नसत, हे ठेवीत.

एकदा गावच्या मास्तरांनी या शेतकऱ्यांच्या मुलीचे नाव शाळेतून कमी केले. पोर एकाएकी घाबरून किंचाळे, आणि तिची आजी वेडी होऊन वारली होती हे गावाला ठाऊक होते. नाव पुन्हा घालावे म्हणून मी कचेरीला लिहिले, "रक्तातील दोषास उपाय नाही, तरी दया व्हावी."

"खोडा ते," ते म्हणाले. "माज्या आईचा घाबरा सोभाव पोरीत आलाय, खरं हाय. पर आई आदी निस्ती घाबरायची. आमी तिला खोलीत कोंडली, मंग ती येडी झाली. कडी म्या लावायचो. त्ये लिवा."

"अहो, अर्जात असली कबुली देत नाहीत!"

"मंग पोरीला घरात डांबल्यावर काय हुतंय, त्ये कचेरीला न् मास्तरास्नी कसं कळंल?"

मी लिहिले. अंगठा वास्तविक अर्जाच्या तळाशी हवा. त्यांनी तो कडीच्या वाक्यावरच दाबला. असा कागद कचेरीतून परत येण्याचा संभव होता. तरीही दुसरी प्रत करण्यास माझा हात धजला नाही.