रस्त्यात राहिलेले दगड

आमचे हे ट्रेलर चालवतात. निफाडकडची द्राक्षं भरलेला कंटेनर बंदरावर पोचवायचा आणि रिकामा परत आणायचा, हेच काम. लग्न ठरताना आईनं नाक मुरडलं होतं. ड्रायव्हर म्हटलं की बाटली आलीच, असं तिच्या डोक्यात बसलेलं. पण ह्यांच्या तोंडाला कधी सुपारीसुद्धा लागली नाही. निघण्याआधी एकेका टायरवर लोखंडी टॉमी मारून हवेचा आवाज ऐकणार, कसारा घाट खालच्या गिअरमध्येच उतरणार, पापणी जड झाली की गाडी ढाब्याला लावून सरळ झोपणार. मालकाचा फोन वाजतोय तर वाजू दे. बायकोपेक्षा त्या गाडीला जास्त जपता, असं मी चिडवायचे. आईचंही मत पुढं बदललं. आमचा जावई लय जपून चालवतो, म्हणून ती गावभर सांगत फिरायची.

माझा धाकटा भाऊ सातपूरला एका कंपनीत कामाला होता. निफाडजवळच्या माझ्या माहेरच्या गावाहून रोज मोटारसायकलवर जायचा. दाजींशी त्याचं भलतंच गूळपीठ. ट्रेलर गावात आला की हा केबिनमध्ये चढून हॉर्न वाजवणार आणि सगळी गल्ली डोक्यावर घेणार. मी ओरडले की दोघं मिळून मलाच वेड्यात काढायचे.

कंपनीतून घरी येताना, दिवेलागणीच्या वेळी, तो हायवेवर पडला. डोक्यात हेल्मेट होतं. वेगही फार नव्हता म्हणतात. तरी गेला.

पोलिसांनी सांगितलं ते असं. दुपारी तिथं कुठला तरी ट्रक बंद पडला होता. मागच्या गाड्यांना कळावं म्हणून ड्रायव्हरनं रस्त्यावर दगड मांडले. ट्रक दुरुस्त झाला, निघून गेला आणि दगड तिथंच राहिले. अंधार पडायला लागल्यावर माझ्या भावाचं पुढचं चाक त्यातल्याच एकावर चढलं. तो ट्रक कुणाचा, कुठला, आजवर कळलेलं नाही. त्या ड्रायव्हरलाही काही कळलं नसणार. तो आपला पुढं जाऊन चहा पीत बसला असेल, मेला.

ही दगडांची रीत मला आधीपासून ठाऊक होती. गाडीत लाल चमकणारा त्रिकोण ठेवायचा असतो, ह्यांच्याही गाडीत आहे. पण तो शेजारून गेलेल्या गाडीच्या वाऱ्यानं उडतो, नाहीतर कुणीतरी उचलून नेतं. दगड कुणी नेत नाही. म्हणून सगळे दगड लावतात, वर झाडाची एखादी फांदी टाकतात. लावताना माणूस घाबरलेला असतो, तेव्हा नीट लावतो. गाडी सुरू झाली की सुटलो म्हणतो आणि निघतो. हल्ली बरोबर क्लीनरही नसतो. एकट्यानं परत मागं चालत जायचं आणि धावत्या गाड्यांमधून दगड गोळा करायचे, एवढा जीव कुणात उरतो? हे सगळं मला समजतं. समजून करू काय? माझा भाऊ गेला तो गेलाच.

दहाव्याला हे नदीवर उभे होते. आईनं ह्यांच्याकडे पाठ फिरवली. तुझ्या नवऱ्याच्याच लोकांनी माझं लेकरू मारलं, असं ती मला म्हणाली, ह्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्यानंतर ती ह्यांच्याशी बोलली नाही. मी एकटीच एसटीनं माहेरी जायचे. आई मला जेवू घालायची, डोक्याला तेल लावायची, पण ह्यांचं नाव निघालं की उठून आत जायची. हे मला स्टँडवर सोडायचे आणि आई बरी आहे का, एवढंच विचारायचे. धाकट्याच्या जाण्यानं माझं माहेर अर्धं झालं होतं, उरलेलं अर्धं असं चाललं होतं. रोज वाटायचं, आईनं ह्यांना एकदा फक्त ‘या’ म्हणावं. बाकी काही नको.

वर्षश्राद्धाला तिनं निरोप पाठवला, त्यांना घेऊन ये. मला आनंद झाला. पण ती काय विचारणार, ते मला माहीत होतं. वाटेत मी ह्यांना बजावलं, की सरळ नाही म्हणायचं, तिला तेवढंच ऐकायचंय.

जेवणं झाली, पाहुणे पांगले. ओट्यावर आम्ही तिघंच उरलो. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलंच.

"तुम्ही ठेवलेत का कधी दगड?"

"ठेवलेत, आई."

"अन् उचललेत?"

"उचलतो. पण दर वेळी उचलले, असं छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार."

खरं सांगते, त्या वेळी ह्यांचं थोबाड फोडावंसं वाटलं. आधी ‘नाही’, निदान मग ‘हो’ म्हणायला काय जात होतं? वर्षभर मी ज्या दारात पदर पसरून उभी होते, ते दार ह्यांनी स्वतःच्या हातानं लावून घेतलं. आणि रागाच्या खाली दुसरंही काही होतं. ह्यांचे न उचललेले दगड कुठं राहिले असतील, कुणाची आई कुठं बसली असेल, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसायला लागलं. मला रडूही येईना.

आई उठून आत जाईल असं वाटलं, पण उठली नाही.

"केवढा असतो तो?" तिनं विचारलं.

ह्यांनी दोन्ही हात पुढं केले. लांबून दिसेल आणि एकट्याला उचलेल, एवढं अंतर दोन तळव्यांमध्ये धरलं. आई त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

"एवढाच?"

ह्यांना हात खाली घेता येईनात. शेवटी आईच पुढं सरकली. तिनं ते हात धरून खाली केले आणि वर्षात पहिल्यांदा ह्यांच्यासमोर रडली.