गुरुजींनी नापास केलेली बांधी

सुनंदा, अशी जवळ सरक. तुझा कानच धरायचा आहे मला! दर वेळी तेच, "मामी, वर्गातल्या फायली एकदा नीट लागल्या की येतेच." अगं, शिक्षकाच्या फायली नीट लागलेल्या मी अजून पाहिल्या नाहीत, आणि एका शिक्षकासोबत चाळीस वर्षं काढली आहेत मी. तुझ्या मामाजींनी तर रिटायर झाल्यावर आपल्या शेतातली धानाची बांधीच नापास केली.

चूक माझीच. शाळा सुटली तसा हा माणूस दिवसभर घरात. पोळी ताटात पडली की आधी गोल फिरवून बघणार, "ही बाजू थोडी बाहेर गेली." डब्यांना चिठ्ठ्या लागल्या. साखरेची चिठ्ठी तिरपी बसली, म्हणून तो डबा दुरुस्तीसाठी कपाटावर गेला. दोन दिवस आम्ही गुळाचा चहा प्यालो!

म्हणून धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवशी मी म्हटलं, "अजी, आज तुम्ही बांधीवर जा. बायांवर जरा लक्ष ठेवा." (एक दिवस तरी स्वयंपाकघर माझं! किती शहाणी मी!)

आंबागडच्या किल्ल्याखाली आपली बांधी. चिखल झालेला, पाणी साचवलेलं, पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटून त्यांच्या पेंढ्या बांधीच्या कडेला धुऱ्यावर मांडलेल्या. उपटलेलं रोप वाट पाहत नाही, बाई. दुसऱ्या दिवसापर्यंत चिखलात गेलं नाही, तर वर्षाचा भात गेला. आणि रोवणीत बाया मिळणं किती कठीण! शेवंताची बारा जणींची टोळी मी महिनाभर आधी सांगून ठेवली होती.

दुपारी जेवण घेऊन गेले, तर बांधी सगळी मोकळी. दोन टोकांना खुंट्या, मधे ताणलेली दोरी, आणि तुझे मामाजी फूटपट्टी घेऊन चिखलात वाकलेले.

"काहून वं शेवंता, सकाळपासून एकच ओळ?"

"दोन झाल्या होत्या, काकू. पह्यली गुरुजीनं उपटाले लावली."

"कायले?"

"शेवटची तीन रोपं वाकडी होती मने!"

सकाळी आधी हजेरीही झाली होती. बारा बाया गुडघाभर चिखलात "हजर, गुरुजी" म्हणाल्या. (अर्ध्याअधिक त्यांच्याच विद्यार्थिनी. भीती मुरलेली!) हे मी ऐकतेय तेवढ्यात मामाजींनी वही उघडली आणि शेरे वाचायला घेतले, "शेवंता. वेग बरा. नीटनेटकेपणा नाही."

झालं! शेवंतानं हातातली पेंढी खाली ठेवली. "गुरुजी, तुमच्या भेवानं मी चवथीत शाळा सोडली होती. आज रोवणी सोडतो!" ती निघाली, आणि तिच्यामागून अकराच्या अकरा निघाल्या.

"जाऊ दे," मामाजी म्हणाले. "आमी करतो." आणि फोन करून आणखी तीन रिटायर गुरुजी बोलावले! पहिल्यानं सांगितलं, दोरी धुऱ्याला समांतर नाही. दुसऱ्यानं सांगितलं, धुराच सरळ नाही. तिसरे चष्मा चिखलात पडला म्हणून तोच शोधत होते. संध्याकाळपर्यंत चौघांनी मिळून एक ओळ लावली. ओळ मात्र अशी की तिच्यावरून रेघ मारून घ्यावी!

इकडे पेंढ्यांनी माना टाकल्या. मी तशीच शेवंताच्या दारात जाऊन उभी राहिले.

"शेवंता, माय, वर्षाचा भात आहे वं."

"येतो, काकू. पन गुरुजी घरी रायतीन. आन आमची एक बाई उद्या दुसरीकडं चालली, तिच्या जागी तुमी वाका."

सकाळी मामाजींना कोथिंबीर निवडायला बसवलं आणि गुडघ्यांची समजूत काढत मी चिखलात उतरले. बायांची गाणी काय, हात काय! पाहता पाहता अर्धी बांधी हिरवी. मीही हात चालवत होते. होते म्हणजे, माझी समजूत तशी होती.

"काकू, तुमी मागं काहून रायल्या?"

"काही नाही वं. तू लावलेलं हे रोप जरा इकडं पाहिजे होतं. सरकवून रायली."

गाणं थांबलं. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. तेव्हा माझंही लक्ष गेलं, शेवंताची चार रोपं मी उपटली होती, आणि माझ्या हातात मोजून तोडलेली वीतभर काडी होती!

"अवं माय! हे तं दुसरे गुरुजी निंगाले!" शेवंतानं माझ्या दंडाला धरलं. "चला, वर निंगा. बसा धुऱ्यावर!"

अकरा जणींनी दिवस मावळायच्या आत रोवणी संपवली. ओळी वाकड्यातिकड्या, पण धान असा आला की पाहत राहावं.

तर लवकर ये, पोरी. यंदा रोवणीच्याच दिवसांत ये. आम्ही दोघंही घरीच असू. बांधीवर आता आम्हाला कोणी येऊ देत नाही!