चुकीच्या जागी काढलेला चौकोन

एकाच घरात डेंग्यू एकाला आडवा पाडतो आणि दुसऱ्याला साधी कणकणही येत नाही, असं का? याचं उत्तर जनुकांत शोधायला मी मानोरा गावाच्या आसपास घरोघरी रक्त गोळा करत होते. गुप्ततेचा मला भारी तोरा. वंशावळीत पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, खाली नुसता नंबर. नावं कुलपात.

एका घराने मात्र डोकं पिकवलं. धाकट्या सुनेच्या मुलाची जनुकं तिच्याशी जुळेनात. नमुन्यांची अदलाबदल केली म्हणून मी प्रयोगशाळेतल्या लोकांशी कडाकडा भांडले, तपासणी तीनदा करायला लावली. उत्तर तेच.

कागद पलंगावर पसरून बसले होते, तेवढ्यात माझी घरमालकीण चाची चहा घेऊन आली. चाची गावोगाव बांगड्या भरते.

"दोन जावा, मोठीले पाच पोरी, धाकटीले एकच पोरगा. हे तं विहिरीजवळचं घर."

मी घाईने कागदावर हात ठेवला.

"झाकतं काहून? हा चौकोन मोठीच्या खाली काढ. या पोराच्या वेळी डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या म्या मोठीच्याच हातात भरल्या. पाच पोरींवर झालेला पोरगा तिनं जावेच्या पदरात टाकला. एवढ्यासाठी रक्त कायले काढलं? मले इचारायचं."

"मग मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"पोराले कळू नये म्हणून सारं गाव तोंड मिटून आहे. अन् तू कागद पसरून बसली!"