तिसऱ्या उमेदवाराची वकील

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बाबांना नाही, वसुधाताईंना नाही, निखिलदादांना तर नाहीच. आणि खरं म्हणजे ज्यांना सांगायला हवं होतं ते हे तिघंच. तुम्ही कदाचित माझी पत्रकं वाचली असतील. एखादं भाषण ऐकलं असेल, टाळ्याही वाजवल्या असतील. त्या टाळ्यांबद्दलच बोलायचं आहे.

पण आधी आनंदाची बातमी, कारण ती खरी आहे आणि माझ्या लबाडीने ती खोटी होत नाही. आम्ही जिंकलो! नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या नगरपरिषदेत वसुधाताई बसल्या आहेत. आमचं ब्यूर्टहाउस — वस्तीचं सामाईक घर, जिथे सकाळी डच आजोबा पत्ते कुटतात, दुपारी आपल्या इंजिनियरांच्या बायका डच शिकतात आणि रविवारी मराठी शाळा भरते — ते बंद होणार नाही. बंद पडायला आलं होतं, वाचलं. सहा उमेदवारांच्या, कुणी नावही न ऐकलेल्या यादीने — इथे छोटा पक्ष म्हणजे एक यादीच — वाचवलं. हे वाक्य मी शंभरदा लिहीन आणि शंभरदा माझी छाती फुगेल.

मग सांगायचं काय उरलं? — सांगते.

मी इचलकरंजीची. माझे आईबाबा एका अशा पक्षाचं काम करतात ज्याचं डिपॉझिट दर निवडणुकीत जप्त होतं. इतर मुलं ‘य’ यज्ञाचा शिकत होती तेव्हा मी ‘य’ यंत्रमाग कामगारांचा शिकत होते. आमच्या घरातले डबे पत्रकांनी पुसले जायचे, माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं असायची, आणि उरलेली पत्रकं घेऊन मी बाबांच्या मागे दारोदार जायचे. लोक हसून म्हणायचे, “गुरुजी, माणूस चांगला आहे हो तुमचा, पण मत वाया जाईल.” बाबा कधी चिडले नाहीत. चिडायचं काम त्यांनी बहुतेक माझ्यावर सोपवलं होतं.

म्हणून डेल्फ्टला मास्टर्स करताना प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी निवडणुकांची गणितं निवडली, आणि त्यातही अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतला तिसरा उमेदवार. सगळं जग तिथल्या दोघांकडे बघत असताना कोपऱ्यात उभा असलेला तो तिसरा मला घरचा वाटला. त्याची गोष्ट दरवेळी साधारण सारखी असते. उन्हाळ्यात लोक वैतागलेले असतात, विचारणाऱ्याला सांगतात, यंदा दोघंही नकोत, आम्ही तिसऱ्याला देणार. आकडा फुगतो. वर्तमानपत्रं त्याचा फोटो छापतात. मग नोव्हेंबर जवळ येतो आणि तो आकडा उन्हातल्या बर्फाच्या लादीसारखा वितळत जातो. राज्यात जो पहिला येईल त्याच्याच पदरात जवळजवळ सगळीकडे त्या राज्याच्या वाट्याची, अध्यक्ष निवडणारी सगळी मतं पडतात, बाकीच्यांच्या हाती शून्य. त्यामुळे देशभर लाखो मतं मिळवूनही तिसऱ्याला सहसा एक राज्यही जिंकता येत नाही. कितीतरी राज्यांत नुसतं मतपत्रिकेवर नाव यावं म्हणून सह्या गोळा करत फिरावं लागतं. आणि हरल्यावर वर शिव्या — तुझ्यामुळे आमचा माणूस पडला!

पण मला खरा राग त्या वितळणाऱ्या लोकांचा यायचा. उन्हाळ्यात छाती ठोकून बोलणारे, आणि पडद्याआड गेल्यावर हात फिरवणारे. मी प्रबंधात त्यांच्यासाठी सभ्य शब्द वापरले. बोलताना नाही. बोलताना मी त्यांना बिनकण्याचे म्हणायचे.

निवडणुकीच्या आधीच्या शनिवारी इथल्या मराठी मंडळाने ब्यूर्टहाउसमध्येच माझं भाषण ठेवलं होतं. आपल्या लोकांचे निम्मे नातेवाईक अमेरिकेत, त्यामुळे विषय तोच — तिथले तिसरे उमेदवार. मी तो विषय फिरवून वसुधाताईंवर आणला, ते उघडच होतं. वसुधाताई याच घरात वीसेक वर्षं डच शिकवतात. माझे या देशातले पहिले शब्द त्यांच्याकडून आलेले. पाच वर्षं इथे राहिलं की परदेशी माणसालाही नगरपरिषदेला मत देता येतं. माझी पाच वर्षं नुकतीच झाली होती. मी सभेत सांगितलंच, माझं या देशातलं पहिलं मत ताईंनाच जाणार.

तेव्हा निखिलदादा उठले. चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारा शांत, मिश्कील माणूस. म्हणाले, “केतकी, तुझा तिसरा म्हणजे लग्नातला बँडवाला गं. घाम तोच गाळतो, पण नवरी दुसऱ्याच्याच घरी जाते. मी आपला मोठ्या पक्षाला देणार. ते परदेशी-हटाववाले पहिले आले तर काय करायचं?”

सगळे हसले. मीही हसून सोडून दिलं असतं तर? नाही सोडलं. मी म्हणाले, “अहो निखिलदादा, अमेरिकेत त्या भीतीला निदान कारण तरी आहे. इथे जितकी मतं तितक्या जागा. इथे कुणी कुणाचं मत खात नाही. आणि हे घर बंद करायचा प्रस्ताव आणणाऱ्यांत तुमचा तो मोठा पक्षही आहे. हे सगळं कळूनही जो घाबरतो त्याला सावध नाही म्हणत — भित्रा म्हणतात.”

आता लोक त्यांना हसले. त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी, ओवी, शेजारी बसली होती. तिने आईला डचमध्ये विचारलं, बाबाला काय म्हणाली ती? आईने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. मी ते पाहिलं. पाहून पुढचा मुद्दा घेतला.

मला टाळ्या मिळाल्या. माझं चुकत नव्हतं, हे लक्षात ठेवा. एकेक वाक्य बरोबर होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी फोनवर निरोपांचा पूर आला होता. ते पहिले येणार, मतं फोडू नका, यंदा धोका पत्करू नका. मी सायकलवरून शाळेच्या व्यायामशाळेत गेले. हातात मतपत्रिका मिळाली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंथरावी एवढी मोठी. आडोशाला लाल पेन्सिल. वसुधाताईंचं नाव लगेच सापडलं. मी पेन्सिल त्या गोलावर नेलीही.

आणि मग — समजा ते पहिले आलेच तर? समजा ताईंची यादी एका जागेलाही पुरली नाही तर? समजा, समजा. मला गणित येत नव्हतं का? चारच दिवसांपूर्वी तेच गणित मी लोकांना फळ्यावर काढून दाखवलं होतं! जी भीती अमेरिकेतल्या मतदाराला त्याच्या देशाचा नियम घालतो, ती मी या देशात, जिथे तो नियमच नाही, स्वतःच्या खिशातून काढली. कुणी धमकावलं नव्हतं. कुणी बघतही नव्हतं.

हेच ते. मी मत मोठ्या पक्षाला दिलं. ज्यांनी आमचं घर बंद करायला काढलं होतं, त्यांना. गोल नीट, काठापर्यंत लाल केला, पत्रिका घडी घालून पेटीत टाकली आणि बाहेर आले.

ब्यूर्टहाउसमध्ये ताई चहाचं मोठं पातेलं घेऊन उभ्या होत्या. “दिलंस?” त्यांनी विचारलं.

“दिलं की!”

“कसं वाटलं पहिलं मत?”

“अंगावर काटा आला, ताई.” हे खोटं नव्हतं. म्हणून ते जास्त वाईट होतं.

निकाल दुसऱ्या दिवशी स्पष्ट झाला. मतांच्या प्रमाणात जागांची वाटणी झाल्यावर उरलेल्या मतांच्या हिशेबातून शेवटच्या काही जागा देतात. त्यातली अगदी शेवटची ताईंच्या यादीला मिळाली. थोडक्यात मिळाली. माझ्यासारखे मूठभर आणखी निघाले असते तर ती जागा कुणाला गेली असती ठाऊक आहे? त्याच मोठ्या पक्षाला. परदेशी-हटाववाले पहिले वगैरे काही आले नाहीत.

काय जल्लोष झाला! पत्ते कुटणारे आजोबा टेबलावर हात आपटत होते, कुणीतरी ढोल आणला, डच शिकणाऱ्या बायकांनी ताईंना खुर्चीसकट उचललं. ताईंनी मला जवळ ओढलं आणि सगळ्यांपुढे डचमध्ये आणि मग मराठीत म्हणाल्या, “या पोरीने आपलं पहिलं मत मला दिलंय. ही जागा तिची आहे.” मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मी बाबांना फोन लावला. बाबांनी आधी आईला ओरडून सांगितलं, मग शेजाऱ्यांना, मग मला म्हणाले, “केतू, आपल्या घरात आजवर एकानेही मत दिलेला माणूस निवडून आला नव्हता गं! तू पहिली!” मागे आई म्हणत होती, “अहो, रडता काय, पेढे आणा.” त्यांनी पेढे आणले. यंत्रमागाच्या कारखान्यांत, खात्याखात्यातून वाटले. म्हणे, पोरीचं मत लागलं. मी काय बोलले? मी म्हणाले, “माझ्या वाटचा ठेवा हं बाबा.”

आणि मग निखिलदादा आले, ओवीचा हात धरून. त्या गोंधळात माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “केतकी, तुझ्यावर फार चिडलो होतो. पण घरी जाऊन विचार केला, बोलली ते खोटं कुठे होतं? शेवटी ताईंनाच दिलं बघ. बायकोनेही.” मग थोडं हसून, “आता भित्रा नाही ना गं?”

ती वेळ होती. दुसरी कुठली असणार? समोर एक माणूस उभा होता ज्याने माझं ऐकलं होतं, आणि मी स्वतःचंच ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, “नाही दादा. चुकतो माणूस कधीकधी.”

मी त्यांना माफ केलं. मी — त्यांना!

गेल्या महिन्यात नगरपरिषदेत ठराव आला. आम्ही प्रेक्षकांच्या बाकांवर बसलो होतो. ताई बोलायला उठल्या. त्यांच्या डचला अजून सांगलीचा वास आहे. पण सभागृहातलं प्रत्येक डोकं त्यांच्याकडे वळलं. त्यांच्या मताशिवाय कुणाचंच बहुमत होत नव्हतं. त्या एका जागेने दोन बड्यांना एकमेकांसमोर उभं केलं, तडजोडीला लावलं, आणि मोठ्या पक्षाला स्वतःचाच प्रस्ताव मागे घ्यावा लागला. माझ्या प्रबंधात मी लिहिलं होतं, अमेरिकेतला तिसरा जागा हरतो पण कित्येकदा त्याचा मुद्दा मोठे पक्ष उचलतात. इथे तर जागाही आली आणि मुद्दाही! हात वर झाले. ओवीने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून ओरडली. निखिलदादांनी तिला खांद्यावर घेतलं.

माझा एकही शब्द चुकीचा नव्हता, हे त्या दिवशी सिद्ध झालं. तिसऱ्याला मत द्यावं. ते वाया जात नाही. मी आजही हेच लिहीन, उद्या याहून मोठ्या आवाजात सांगेन. माझं म्हणणं जिंकलं. ते निखिलदादांनी जिंकवलं, त्यांच्या बायकोने, पत्तेवाल्या आजोबांनी, ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत अशा लोकांनी, आडोशाला एकटे असताना.

मी त्यांच्यात नव्हते. मी घाबरले, आणि नंतर प्रत्येकाशी वेगवेगळं खोटं बोलले. वसुधाताई माझ्याशिवाय निवडून आल्या.