खंडेनवमीला पुसलेले नमुने

कासुर्डीच्या मामांमुळे मी अजून शिक्रापुरात आहे. ते माझ्या नात्यातले कुणी नाहीत. आमच्या कारखान्यात वेल्डिंग करायचे, माझ्यासारखेच ठेकेदाराकडून आलेले. त्यांचं सांगण्याआधी बाकीच्यांचं सांगते.

मी यवतमाळकडची. नववीत शाळा सुटली. कामावरून काढलं तर खोलीचं भाडं देता येणार नाही आणि गावी परत जावं लागेल, ही धास्ती घेऊनच मी रोज गेटमधून आत शिरते.

माझं काम नमुन्यांच्या खोलीत. स्कूटरवर पाय ठेवायचा ब्रॅकेट पक्का होण्याआधी नाना तऱ्हांनी बनवून बघतात. दिसायला सगळे सारखे. पण एकाचं पोलाद वेगळं, एकाचं वेल्डिंग वेगळं, एखादा चाचणीच्या यंत्रावर दाबून दाबून दमवलेला. कुठला कोणता, हे सांगायला तारेनं बांधलेलं लेबल आणि अंगावर मार्करनं लिहिलेला नंबर. बस्स.

वरच्या केबिनमध्ये मात्र भली मोठी सिस्टीम. कॉम्प्युटरवर प्रत्येक नमुन्याचं वजन, फोटो, चाचणीचा निकाल. कोणत्या रकान्याला कोणता रंग द्यायचा, यावर ही शिकलेली माणसं सामोसे गार होईपर्यंत भांडायची. खाली येऊन ब्रॅकेट हातात घेतलेला मात्र त्यांच्यातला एकही मी पाहिला नाही. बाहीला तेल लागलं असतं ना!

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. मोठे साहेब येणार, फोटो निघणार. आदल्या दिवशी आमचे साहेब नाकाला रुमाल लावून खोलीत आले.

"हा काय उकिरडा लटकवलाय? काढ ती लेबलं. सगळे पीस थिनरनं पूस. चकाचक पाहिजेत."

मी घाबरत म्हटलं, "साहेब, मग कुठला कोणता ते..."

"सगळं सिस्टीममध्ये आहे. तू पूस."

मी पुसले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ब्रॅकेटला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. साहेबांनी पोट आत ओढून रॅकसमोर फोटो काढून घेतला.

दसरा झाला आणि गिऱ्हाईक कंपनीनं चाचणी झालेला नमुना मागितला. साहेबांनी सिस्टीम उघडली. त्या नमुन्याची सगळी कुंडली तिथं होती. रॅकवरचा तो कोणता, एवढं सोडून. फोटो बघितले, तर सगळे समोरून काढलेले, जुळी भावंडं. वजनं केली, तीही सारखीच. बाजारात हरवलेली शेळी ओळखायला आल्यासारखे इंजिनियर रॅकभोवती घिरट्या घालत राहिले.

मग त्यांना मी दिसले.

"कुणाला विचारून पुसलेस गं?" साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं. "उद्यापासून येऊ नकोस."

मामा दुरुस्तीचा ब्रॅकेट न्यायला दारात उभे होते. तिथूनच म्हणाले, "साहेब, तवा मी हितंच शिडीवर तोरन बांधत व्हतो. तुमीच म्हनला, पूस."

"तुम्हाला कुणी विचारलं, मामा?"

"न्हाई इचारलं, म्हनून तर सांगतोय. पोरीनं इचारलं बी व्हतं. तुमी म्हनला, समदं सिस्टीममदी हाय. मंग इचारा की त्या सिस्टीमला! का आरती करायची ऱ्हायली तिची?"

एका इंजिनियरनं खोकल्याचं सोंग घेऊन हसू दाबलं. साहेबांचे कान लाल झाले. मला काढायचं त्या दिवसापुरतं राहिलं, ते राहिलंच.

रिपोर्टात कुणाचंच नाव आलं नाही. 'संवादाचा अभाव' असं लिहिलं म्हणे. केवढा सभ्य शब्द! सगळे नमुने भंगारात गेले, नवे बनले, चाचण्या पुन्हा झाल्या. नंतर त्याच साहेबांनी आम्हा सगळ्यांना उभं करून लेबलाचं महत्त्व समजावलं. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ठेकेदारानं मात्र पुढच्या महिन्यात मामांना बोलावलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि कुणाला विचारायचीही गरज नव्हती. आता ते पाटसच्या साखर कारखान्यात हंगामाच्या कामावर जातात. मी फोनवर रडले, तर म्हणाले, "रडू नगं. हितं साखर तरी चाखायला मिळती. तुमच्याकडं निस्तं थिनर."

अजून साहेबांपुढं माझा आवाज फुटत नाही. माझी नोकरी एकदा पक्की होऊ दे. मग वेल्डरची जागा निघेल तेव्हा मी केबिनमध्ये जाऊन मामांचं नाव सांगेन, आणि त्यांना का काढलं होतं तेही सांगेन. मामा, हे मी करणार आहे.