सिंकखालचा एल्बो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट कळत नाही — पण सांगतो.

दारव्ह्यात आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांआड येतात, आणि कधी येतील याचा नेम नाही. म्हणून लोक तोटी उघडीच ठेवतात. पाणी आलं की आवाज होतो. मी शाळामास्तर. त्यावरून गल्लीभर सगळ्यांना टोकणारा मीच. घरी मात्र — काय सांगू — माझीही तोटी उघडीच असायची.

फुलसावंगीला लग्नाला दोन दिवस गेलो होतो. परत आलो तेव्हा बायको फाटकाशी शेजारणीशी बोलत थांबली आणि मी आधी आत शिरलो. घरभर घोटाभर पाणी. दिवाणाचं प्लायवुड फुगलेलं, कपाटाचे खालचे कप्पे भिजलेले, मोरीच्या जाळीवर फडकं अडकलेलं. नळ येऊन गेले होते. तोटी उघडी होती.

मी ती बंद केली. घाबरलो होतो? की लाज वाटली? अजून ठरवता येत नाही. तेवढ्यात मागून बायको ओरडली, "अगं माय! पाइप फुटला का हो?" आणि मी "हो" म्हणालो. शब्द तिचा होता, मी फक्त मान हलवली — असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो.

पण मग तिला घरकर्जासोबत काढलेला विमा आठवला. विमा म्हटला की माणूस पाहायला येणार, आणि पाहायला फुटका पाइप तर हवा! ती खराटा मागायला शेजारी गेली तेव्हा मी खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि सिंकखालचा एल्बो, म्हणजे नळाच्या पाइपाचा वळणावरचा जोड, फोडला. दोन घावांत फुटला नाही. तिसरा घालावा लागला.

विम्याचा माणूस आला, फोटो काढले. फिटिंग कोणी केलं, म्हणून विचारलं. मी रशीदभाईंचं नाव सांगितलं. अर्ध्या गावाचे नळ त्यांनी जोडलेले. कागदावर 'सदोष जोडणी' असं लिहिलं गेलं. क्लेम मंजूर झाला. उघड्या तोटीसाठीही झाला असता का? मी कधी विचारलंच नाही.

रशीदभाई स्वतःहून आले. फुटका एल्बो हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत बसले. मला वाटलं, संपलं. त्यांना घाव दिसले असतील ना? बरं, दिसले असतील तर बोलले का नाहीत?

"माह्या हातचं असं कधी फुटलं नाही, सर," ते म्हणाले. "पन आता वय झालं. असंन चुकलं."

नवा एल्बो बसवला आणि पैसे घेतले नाहीत. मी आग्रहसुद्धा केला नाही. पुढच्या आठवड्यात ते गल्लीतल्या घरोघरी गेले, आपण केलेला एकेक जोड तपासला — फुकट. सरांच्या घरी माझ्या हातून चूक झाली, असं स्वतःच सांगत होते. एकही जोड गळत नव्हता. तरी त्यांनी काम सोडलं. आता जावयाच्या दुकानात बसून पाइप मोजून देतात. मी दिसलो की उठून उभे राहतात, आणि पहिला प्रश्न तोच, "गळत तं नाही ना, सर?"

मी नाही म्हणतो. ते खरं आहे. त्यांचा जोड तेव्हाही गळत नव्हता. तोटी मी उघडी ठेवली होती, एल्बो मी फोडला, आणि रशीदभाईंना वाटतं, आपला हात गेला.